एक पॉइंटाची रेघ

त्या मंगळवारी शहाद्याच्या रंगरेषा ग्राफिक्समध्ये वीज नव्हती. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू होता आणि तो नेमका चेतनाचा होता. तसं नसतं तर आत आलेला तो मुलगा दाराजवळच्या टेबलाकडे गेला असता, आणि मग ही गोष्ट झालीच नसती.

त्यानं पेन ड्राइव्ह पुढे केला. एकच पान प्रिंट करायचं होतं, पण शक्य तितकं स्वच्छ. चेतनानं फाईल उघडली आणि तिला हसू आलं. पानावर एकच वाक्य बारा वेळा लिहिलेलं होतं. वर तळहाताएवढं मोठं, मग लहान, त्याहून लहान, आणि तळाशी तर मुंगीनं पाय पुसावेत एवढंसं.

चेतना पाटील, वय वर्षं एकवीस, गाव कळसाडी. बी.ए. झाल्यापासून रोज स्कूटीवरून शहाद्याला यायची. तीन महिन्यांत तिनं इतक्या भावी सरपंचांना फ्लेक्सवर दहा बाय वीस फुटांचं करून सोडलं होतं की लहानमोठं करण्यात आपला हात कुणी धरणार नाही, याची तिला खात्री होती. म्हणून तिनं सरळ सांगून टाकलं, बारा वेळा कशाला टाइप केलंत, एकदा करायचं आणि कोपरा धरून ओढायचं.

त्यानं मान हलवली. मग हळूच म्हणाला, "ओढलं की अक्षराला दुखतं."

चेतनानं मान वर केली. सावळा, किडकिडीत, बोटांना शाई. चेहरा अगदी गंभीर... पण डोळे हसत होते.

नाव वीरसिंग वसावे, गाव काठी. पुण्याला अक्षरं रेखाटण्याचं शिकून आला होता आणि आता एक फॉन्ट बनवत होता. त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्याच बिलबुकाच्या मागे तो ळ काढून दाखवू लागला. मोठा ळ छान दिसतो. तोच नुसता आकसत नेला की पोटातल्या जागा बुजतात, मात्रेवरचा अनुस्वार मात्रेलाच चिकटतो, जोडाक्षराचा तर चिखल होतो. म्हणून लहान आकाराचं अक्षर वेगळंच काढावं लागतं. पोट मोकळं, अंग थोडं जाड, शेजाऱ्यापासून जरा लांब.

चेतनानं ते पाहिलं आणि पटकन म्हणाली, "चकलीसारखं. आई पोरांसाठी छोट्या चकल्या पाडते ना, तेव्हा नेहमीचाच साचा लावला तर मधली भोकं बुजतात. तळल्यावर नुसती टिकली निघते."

वीरसिंगची पेन्सिल थांबली. तीन वर्षं शिकताना हे इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नाही, असं तो म्हणाला. चेतनाला उगाचच कानांशी गरम झालं. पान घेऊन निघताना तो दारात वळला, अगदी नम्रपणे म्हणाला, "आभारी आहे, ताई," आणि गेला.

ताई... चेतना दिवसभर त्या एका शब्दावर चरफडत बसली.

पुढच्या मंगळवारी तो परत आला. तोंड उघडून 'ताई' म्हणणार तेवढ्यात तिनं त्याला बजावलं, "इथे ताई म्हटलं की आमचा प्रिंटर कागद गिळतो."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे ना. दारावरच्या पाटीवर नाही, पण आहे."

तेव्हापासून मंगळवार त्यांचा झाला. बुधवारी त्याला डोंगरातल्या शाळांमध्ये वाचनकार्डं पोचवायची असत. पहिलीतल्या मुलांना त्यांच्या घरच्या बोलीतली गोष्ट, त्याच्या अक्षरांत. ती कार्डं मुलं आईबापाच्या छोट्या, तडे गेलेल्या मोबाईलवरही वाचायची, म्हणून त्याला लहान आकाराचा एवढा ध्यास. पहिलीत असताना पुस्तकातली अक्षरं त्याला एकमेकांच्या अंगावर चढलेल्या मुंग्यांसारखी दिसायची. मास्तर म्हणायचे, पोरगं मठ्ठ आहे. दोष पोराचा नव्हता, हे कळायला त्याला पंधरा वर्षं लागली. हे सगळं तो हसत हसत सांगायचा, आणि चेतना माऊस धरून तशीच बसून राहायची.

एकदा त्यानं तिला मोबाईलचा पडदा भिंगाखाली दाखवला. आत सगळे बारके चौकोन. अक्षराची शिरोरेघ चौकोनांच्या दोन ओळींच्या मधोमध पडली तर ना वरचा चौकोन काळा होतो ना खालचा, दोन्ही नुसते करडे, आणि अख्खा शब्द धुरकट.

"मग तिला आतून सांगून ठेवावं लागतं," तो म्हणाला, "की वर तरी जा, खाली तरी ये. मधे लोंबकळू नकोस."

"आणि ती ऐकते?"

"रेघ ऐकते. माणसांचं माहीत नाही."

दोघंही एकदम पडद्याकडे बघू लागले. खरं तर पडद्यावर तेव्हा काहीच नव्हतं.

एकदा मोठ्या आकाराची परीक्षा होती. तिनं दुकानाच्या दारात दोन्ही हातांनी कागद धरायचा, आणि तो पावलं मोजत मागे मागे जाणार. तो मोजत मोजत रस्त्यापार गेला. उसाच्या ट्रॉल्या, पपयांची पिकअप, मोटारसायकली, सगळं मधून वाहत होतं. तिनं ओरडून विचारलं, दिसतंय का? तो म्हणाला, दिसतंय. अजून मागे गेला. आता? आताही दिसतंय. तिनं कागद खाली करून बघितलं, तर तो अजूनही तिकडेच, तस्साच बघत उभा होता.

दुकानाचे मालक जगदीशभाऊ गल्ल्यावरून सगळं पाहत असत. "आज मंगळवार शे, म्हनीसन टेबल पुसी ऱ्हायनी का व?" एवढंच विचारायचे. चेतना म्हणायची, धूळ किती बसते भाऊ. भाऊ म्हणायचे, हां, मंगळवारलेच बसस.

आठव्या मंगळवारी तो उशिरा आला. बंगळुरूच्या एका फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीत त्याची निवड झाली होती. दोन वर्षं. जगभरच्या लिपींचं काम, मोठे शिक्षक. होळी झाली की रविवारी निघायचं.

चेतनानं अभिनंदन केलं. इतक्या मोठ्यानं केलं की झेरॉक्सवाला मुलगासुद्धा वळून बघायला लागला. मग तिनं विनाकारण की-बोर्ड उलटा करून झटकला. वीरसिंग उभाच होता. काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं... आणि आपण काहीतरी म्हणू असं बहुधा त्याला.

शेवटी त्यानं बॅगेतून पेन ड्राइव्ह काढला. अक्कलकुव्याला होळीच्या आधीच्या शुक्रवारी मुलांचा वाचन मेळावा होता, त्याचा दहा फुटी फ्लेक्स करायचा होता. फाईल त्यानं नेहमीच्या कागदाएवढीच केली होती. मधे मेळाव्याचं नाव आणि चित्र, खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक रेघ.

"फाईल मोठी करून नीट बघा," तो म्हणाला. मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "ती खालची रेघ... नको वाटली तर काढून टाका. मला चालेल."

चेतनानं मान डोलावली. तिच्या मनात फक्त रविवार घुमत होता.

आता फ्लेक्सच्या दुकानात काय चालतं, ते ऐका. गिऱ्हाईक कसलीही फाईल देवो, आधी तिचा जेपीजी करायचा, म्हणजे साधा फोटो, तोही हलका, कारण मशीनला जोडलेला कॉम्प्युटर म्हातारा होता आणि जड फाईल बघितली की तो बसकण मारायचा. मग तो फोटो ताणून दहा फुटांचा करायचा. जगदीशभाऊंचा हा नियम चेतनानं इतक्या वेळा पाळला होता की तिचे हात आपसूक तो करून मोकळे होत. तिनं फाईल उघडलीही नाही नीट. जेपीजी केला, ताणला. मेळाव्याचं नाव ठीक आलं, पण खालची रेघ भलतीच दिसत होती. करडी, फाटकी, जागोजागी डाग पडल्यासारखी.

तिला वाईट वाटलं. इतक्या नीटस माणसाच्या फ्लेक्सवर असली रेघ? तिनं ती पुसली आणि तिच्या जागी स्वतःच्या हातानं एक सरळ, काळीभोर, देखणी रेघ ओढली. त्याला द्यायला तिच्याजवळ दुसरं होतं तरी काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फ्लेक्स न्यायला आला. जमिनीवर पसरून बघितला. नाव बघितलं, चित्र बघितलं, मग गुडघ्यावर बसून खालची रेघ बघितली. बोट लावून बघितलं. बराच वेळ.

"रेघ काढलीत," तो म्हणाला.

"हो. बरोबर दिसत नव्हती. ही चांगली आहे ना?"

तो उठला. गुडघ्याची धूळ झटकली. "बरं केलंत. मी सांगितलंच होतं, नको असेल तर काढा म्हणून." आणि फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर टाकून तो निघाला. निघताना म्हणाला, "येतो, चेतनाताई."

चेतना तिथेच खिळली. प्रिंटरनं कागद गिळला नाही, पण पुढची तिन्ही बिलं तिनं चुकीच्या नावांवर फाडली.

पुढचा मंगळवार आला. तिनं टेबल पुसलं नाही. दारात कुणाचीही सावली पडली की मान वर व्हायची आणि समोर कुणीतरी लग्नपत्रिकावालं असायचं. कोपऱ्यावरचा पळस तेवढ्यात सगळा लालभडक होऊन बसला होता, तिला त्याचाही राग आला. दुपारी तिनं वीरसिंगनं पहिल्या दिवशी काढलेला तो ळ शोधायला बिलबुक उलटं केलं. तो होता. मोकळ्या पोटाचा. तिनं बिलबुक मिटलं, परत उघडलं. जगदीशभाऊंनी गुपचूप चहा मागवला. ते तिला आणखीच जड गेलं.

बुधवारी मेळाव्याच्या एका शिक्षकांचा फोन आला. फ्लेक्स आहे तसाच लहान पत्रक म्हणून हवा होता, दोनशे प्रती, उद्या पाठवा. लहान पत्रकासाठी ताणलेला फोटो चालणार नव्हता, म्हणून तिनं वीरसिंगची मूळ फाईल शोधली आणि पहिल्यांदाच ती स्वतः उघडली.

खाली रेघ होती. बारीक, स्वच्छ. कुठे फाटलेली नाही, डाग नाहीत. चेतनानं कपाळाला आठी घातली आणि ती मोठी केली. दुप्पट. रेघेला खरखर आली. आठपट. रेघेला वरखाली बारीक दात फुटले. मग ती थांबलीच नाही. सोळापट, बत्तीसपट, चौसष्टपट... आणि रेघ उलगडली.

ती अक्षरं होती. छपाईच्या मापात एक पॉइंटाची, खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान. फाईल दहा फुटांची केली असती तर कुणी वाकून वाचावं एवढी झाली असती. फोटोत त्यांचा धूर झाला होता. मूळ फाईलमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आत्ताच धुऊन काढल्यासारखं लख्ख. आणि त्यानं ती नुसती आकसलेली नव्हती. कुणाच्याही डोळ्याला कधी दिसणार नाहीत अशा त्या आकारासाठीसुद्धा त्यानं अक्षरं वेगळी काढली होती. पोटं उघडी ठेवलेली, अनुस्वार मात्रेपासून सोडवलेले.

अख्खं पत्र एका ओळीत होतं. पडद्यावर एका वेळी पाच-सहा शब्द मावत. ती उजवीकडे सरकत राहिली. मधेच माऊस जरा हलला की पान निसटायचं आणि नुसता पांढरा पडदा, मग पुन्हा शोध. मंगळवार होते त्यात. चकली होती. रस्त्यापलीकडून कागद कधी दिसलाच नाही, मी कागदाकडे बघतच नव्हतो, असं होतं. घरी आईला, मोतीबाईला, तुमच्याबद्दल सांगितलं, ती म्हणाली आधी त्या मुलीला तरी सांग, असंही. आणि अगदी शेवटी, जिथे रेघ संपत होती तिथे लिहिलं होतं:

'चेतना, जायच्या आधी एकदा कामाशिवाय भेटायचं आहे. तुमच्या मनात तसं नसेल तर काही बोलू नका, ही रेघ काढून टाका. मी समजून घेईन.'

चेतनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काढून टाकली होती. काढून, वर स्वतःची काळीभोर रेघ ओढली होती, आणि त्याला विचारलंही होतं, ही चांगली आहे ना?

तिनं फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. मेसेज पाठवला, एकच टिक. तो काठीला, होळीच्या तयारीत, आणि तिथे कुठल्या टेकडीवर रेंज येईल ते नशिबावर. गुरुवारी, पत्राची ओळ वगळून छापलेला पत्रकांचा गठ्ठा शिक्षकांच्या जीपनं गेला. त्यात चिठ्ठी टाकावी असं तिला वाटलं, लिहिलीही, मग फाडली. तिची एक रेघ आधीच भलतं बोलून बसली होती. आता जे सांगायचं ते तोंडानं.

शुक्रवारी सकाळी ती चांगला कुर्ता घालून निघाली तेव्हा आई, निर्मलाबाई, चुलीपुढे दादर ज्वारीच्या भाकरी थापत होती.

"दुकानले नही जाई ऱ्हायनी का व?"

मैत्रिणीचं नाव ओठांवर तयार होतं. चेतनानं ते गिळलं. अक्कलकुव्याला जातेय म्हणाली. काठीच्या वीरसिंग वसावेला भेटायला. त्याचा गैरसमज झालाय, तो रविवारी लांब जाणार आहे, आणि तो तसाच गेला तर मला आयुष्यभर चैन पडणार नाही.

आईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. काठी म्हणजे डोंगरातलं आदिवासी गाव; ते नाव तिनं मनातल्या मनात दोनदा तरी म्हटलं असेल. अण्णा, म्हणजे चेतनाचे वडील, शेतात गेले होते. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तेव्हा कुठे आई बोलली.

"तुन्हा बापले काय सांगू, ते मी देखसू. तू दिन बुडाना पहिले घर ये."

त्यात हो नव्हतं. पण नाहीही नव्हतं. चेतनाला तेवढं पुरलं.

अक्कलकुव्याच्या शाळेच्या मैदानात शंभरेक मुलं जमिनीवर पालथी पडून कार्डं वाचत होती. बोट ठेवून, मोठमोठ्यानं, प्रत्येकाचा वेगळा सूर. वर तिचा फ्लेक्स फडफडत होता आणि त्याची रेघ दुरूनही दिसत होती. वीरसिंग एका मुलीजवळ उकिडवा बसला होता. त्यानं चेतनाला बघितलं. उठला. चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी उजळलं आणि त्यानं ते नीट घडी घालून आत ठेवून दिलं.

"पत्रकं मिळाली कालच," तो म्हणाला. "तुम्ही कशाला त्रास घेतलात? बिल राहिलं असेल तर..."

"बिल नाही. पत्रकं नाहीत. काहीच नाही." दोन तास बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली होती. "मी जेपीजी केला."

"काय?"

"तुमच्या फाईलचा. न उघडता. त्यात ती रेघ फाटकी आली, मला वाटलं खराब झाली, म्हणून मी... वाचलीच नव्हती हो मी. परवा वाचली. सगळी. डावीकडून उजवीकडे."

वीरसिंगनं खाली बघितलं, मग फ्लेक्सकडे. त्याच्या खांद्यांना आधी हसू फुटलं, तोंडाला नंतर. तीन वर्षं अक्षरं लहान आकारात जपायला शिकलो, तो म्हणाला, आणि एका जेपीजीनं...

"हसू नका," चेतना म्हणाली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला अजून सांगायचंय."

"सांगा."

"मी आज कामाशिवाय आलेय."

मुलांचा गलका चालूच होता. उकिडव्या बसलेल्या मुलीनं कार्डावरून मान काढून दोघांकडे बघितलं आणि पुन्हा वाचायला लागली. वीरसिंगनं हात पुढे केला नाही, तीही जवळ सरकली नाही. पण इतके दिवस दोघांच्या मधोमध जे करडं करडं लोंबकळत होतं, ते एका बाजूला झालं.

"पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

"एकदाच म्हणतात ते."

"मला लहान आवाजात नीट ऐकू येत नाही."

"खोटं," चेतना म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली.

मग त्यांनी शाळेच्या पायरीवर बसून मुलांसाठी शिजवलेली खिचडी खाल्ली. रविवारबद्दल बोलले. रविवार काही टळणार नव्हता, तो टळावा असं दोघांनाही म्हणवलं नाही. दोन वर्षं म्हणजे किती मंगळवार, हे तो मोजायला लागला तेव्हा तिनं त्याला गप्प केलं. अण्णांशी आधी मी बोलेन, ती म्हणाली, तुम्ही नंतर या, आणि येताना ताई-बिई म्हणू नका. तो म्हणाला, त्यांच्यापुढे तर अजिबातच नाही.

शहाद्याची बस तीनला होती. सूर्य बुडायच्या आत घरी पोचायचं तर तीच. स्टँडपर्यंत ती रेंगाळत गेली, पण बस आपली वेळेवर, कधी नव्हे ती. चेतना चढली, खिडकीशी बसली, आणि बाहेर बघितलं तर फलाटावर तो नव्हता. तिनं मान बाहेर काढून पुढेमागे शोधलं.

तो तिच्या शेजारच्या बाकावर येऊन बसला होता.

"तुम्ही कुठे?"

"शहाद्याला."

"काय काम?"

"काहीच नाही," वीरसिंग म्हणाला.

कंडक्टर आला, मशीन हातात धरून दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. वीरसिंगनं शहाद्याची दोन तिकिटं मागितली, एक तिचं, एक स्वतःचं. मग जरा पुढे झुकून विचारलं, तिथून लगेच उलटी येणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते?

"उतरायचं नाही का तुला?" कंडक्टर म्हणाला.

"उतरायचंय," तो म्हणाला. "पण अगदी सावकाश."

बस हलली. खिडकीतून गरम वारा आला, चेतनाची ओढणी त्याच्या हातावर येऊन पडली, आणि तळोदा येईपर्यंत ती कुणीच काढली नाही.